वेसेला परत गेली, मी नाही

निघताना विहारात वंदना झाली आणि अण्णा मला उदगीरच्या स्टँडवर सोडायला आले. अण्णा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मास्तर. गाडी हलली तसे खिडकीपाशी येऊन म्हणाले, "शिकून ये. मग इथलं बघायचंय." मी मान डोलावली. तेव्हा मला ते अगदी खरं वाटलं होतं.

जर्मनीत आखनला आमच्या वेगेत, म्हणजे चौघींनी मिळून भाड्याने घेतलेल्या घरात, शेजारच्या खोलीत वेसेला होती, बल्गेरियाची. ती लाल मिरच्या भाजायची, मी ठेचा करायची, आणि दोघी आपापल्या गावाला नावं ठेवत परत जायच्या बाता मारायचो. शहराच्या निवडणुकीत ती युरोपीय संघातली म्हणून मत देऊन आली. मी तिची सायकल धरून बाहेर उभी. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

ती नुसत्या बातांवर थांबली नाही. आधी ब्रसेल्सला एका खासदाराची मदतनीस, मग स्वतःच युरोपच्या संसदेत, आणि एक दिवस ते सोडून मायदेशी मंत्री. सरकार काही महिन्यांतच पडलं. मी धीर द्यायला फोन केला तर हसतच म्हणाली, "पडले ती घरीच पडले गं. ब्रसेल्सला दारात येऊन कुणी भांडत नव्हतं. इथे येतात."

मी जर्मनीतच राहिले. नोकरी, लग्न, मराठी समजूनही जर्मनमध्ये उत्तर देणारी लेक. आता जर्मन नागरिकत्व मंजूर झालंय, म्हणजे भारताचा पासपोर्ट जाणार. अण्णांना सांगायचं मी कित्येक आठवडे टाळलं. परवा रविवारी फोनवर सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मतदार यादीतून नाव काढायचा अर्ज मीच देतो. दर टायमाला यादीवाल्या मास्तरला सांगत होतो, येणार हाय ती, राहू द्या."

पुढे त्यांनीच विचारलं,

"तिथं मत देता येईल ना?"

"हो, अण्णा."

"मग चुकवू नको. उभं कोण हाय?"

माझ्या खिडकीसमोरच्या खांबावर इथल्या उमेदवारांची पोस्टरं लागली होती. मला एकाचंही नाव सांगता येईना. उदगीरला आमच्या वॉर्डात कोण कुणाविरुद्ध उभं आहे, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, हे मात्र मी एका दमात सांगितलं असतं. माझं घर अजून तेच आहे. फक्त तिथल्या यादीत आता मी नसेन.