रसायनवाल्या सरांचं नाक

साखर कारखान्यातल्या मळीपासून अल्कोहोल तयार होतं, हे मी अकरावी-बारावीच्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आलो. त्याच मळीवरून घसरून माझं नाक गेलं, हे मात्र वर्गात कधी सांगितलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सायखेड्याला माझी सासरवाडी. सासरे फुलं आणि भाजीपाला पिकवायचे. तिथून स्कूटरवर एकटाच नाशिकला परतत होतो. वळणावर कुठल्याशा टँकरमधून मळी सांडलेली होती. स्कूटर एकीकडे गेली, मी एकीकडे, आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. टाके पडले, डोक्याचा एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले, "काही नाही, नशीब चांगलं." बायकोने देवापुढे पेढे ठेवले. मी त्यातला एक खाल्ला. नुसता गोड लागला. कमी प्रतीचा असेल, असं वाटलं.

कॉलेजात गेल्यावर फळासारख्या वासाच्या एस्टरची बाटली उघडली. वास नाही. बाटली जुनी झाली असणार म्हणून नवी उघडली. तीही तशीच. मग अमोनियाची उघडली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकात झोंबलं, पण वास म्हणून काही आलं नाही. तेव्हा मला कळलं. बाटलीचं बूच लावलं आणि तास घ्यायला गेलो.

सेंद्रिय रसायनशास्त्रात नाकाशिवाय चालत नाही. परीक्षानळीत अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्ल घ्यायचं, तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब टाकायचे, गरम करायचं आणि हाताने वाफ नाकाकडे ओढायची. फळासारखा वास आला की एस्टर तयार झालं, म्हणजे मुळात अल्कोहोल होतं. आणि मी तर चिठ्ठी निघालेल्या बाटल्या नुसत्या वासावरून ओळखणारा म्हणून प्रसिद्ध होतो. प्रयोगशाळेतले परिचर म्हणायचे, "सर, या लॅबमध्ये चालू स्थितीतलं एकच यंत्र आहे, तुमचं नाक." माझी नेमणूक अजून कायम झाली नव्हती. ते एकच यंत्र बंद पडलंय, हे मी कोणाला सांगणार होतो?

म्हणून मी मुलांना विचारायला लागलो. "काय वास येतोय? पुस्तकातलं नको, तुला काय येतोय ते सांग."

"सर, पिकलेल्या पेरूचा."

"ताईच्या नेलपॉलिशचा."

"सर, कालच्या लग्नात आमचे काका लय नाचत होते, त्यांच्यासारखा."

सगळं फळ्यावर लिहायचो. जास्त मुलं ज्या बाजूला, ते उत्तर बरोबर धरायचो. प्राचार्यांनी एकदा हा तास मागे बसून पाहिला आणि इतर शिक्षकांना सांगितलं, मुलांना असं बोलतं करा. पुढे मी कायम झालो. त्यात या तासाचा किती वाटा होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

घरी बायकोलाही सांगितलं नाही. एका ठिकाणी लपवलेलं दुसऱ्या ठिकाणी उघडं ठेवता येत नाही, अशी मी समजूत करून घेतली होती. ती विचारायची, "भाजी लागली का बघा ना." मी स्वयंपाकघरात जाऊन झाकण काढून डोळ्यांनी बघायचो. गजरा माळला की "छान वास आहे" म्हणायचो. मला अंदाज जमायला लागला होता.

मुलगी तीनेक वर्षांची असतानाचा एक रविवार. बायकोने दूध गॅसवर ठेवलं, "लक्ष ठेवा" म्हणाली आणि भाजीबाजारात गेली. मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासायला बसलो. प्रश्न हायड्रोकार्बनचाच होता. सिलिंडरमधल्या ब्युटेन-प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात घाण वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. बऱ्याच मुलांनी बरोबर लिहिलं होतं. मी गुण देत होतो.

बायको दारातच थांबली. पिशवी उंबऱ्यावर टाकून आत धावली, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मुलीला उचलून अंगणात आणलं. दूध उतू जाऊन बर्नर विझला होता. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. मुलगी आतल्या खोलीत खाली गादीवर झोपली होती. देव्हाऱ्यातलं निरांजन आधीच विझलं होतं. ते माझ्यामुळे नव्हे, तूप संपल्यामुळे.

"अहो, तुम्हाला वास नाही आला?"

मला खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "आला होता. मला वाटलं, शेजारचा असेल."

तिने पडलेली भाजी गोळा केली. पण त्यानंतर तिने मुलीला माझ्याजवळ एकटं ठेवलं नाही. बाजारात जाताना कडेवर, सायखेड्याला जाताना बरोबर, कपडे वाळत घालायला गच्चीवर जातानासुद्धा बरोबर. मुलगी विचारायची, "बाबांजवळ थांबू?" ती म्हणायची, "बाबांना काम असतं." मला काम नसायचं. गॅसचा वास येऊनही पेपर तपासत बसलेला बाप तिला दिसत होता. तो मीच तिला दाखवला होता.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी ती केशरी फुलांचा गजरा माळून माझ्यापुढे उभी राहिली.

"कसा आहे वास?"

"छान आहे. मंद आहे."

"ही अबोली आहे."

"हो, अबोलीच. छान येतोय."

"अबोलीला वास नसतो."

फुलांचे वास एस्टरमुळे येतात, असं मी शिकवत होतो. कोणत्या फुलाला वास नसतो, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. फुलं पिकवणाऱ्या घरात वाढलेली बायको माझ्याकडे बघत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मळीवरून पडलो तेव्हापासून."

ती पलंगावर बसली. "म्हणजे माझी आमटी?"

"मीठ आणि तिखट कळतं."

"आणि त्या रविवारी?"

"नव्हता आला."

"खरंच नव्हता आला?"

"नाही."

"मग आला होता असं कशाला सांगितलं? मी इतके दिवस काय काय समजत होते." मग तोंड पुसून ती म्हणाली, "नाक नसलं तर सोय करता येते हो. तुम्ही दुसरंच काहीतरी नसल्याचं सांगत होता."

ती आत गेली. आमटीचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी ती एकटीच सायखेड्याला निघाली. पोळी-भाजी करून झाकून ठेवली होती, दूध थंड करून पातेल्यात. मुलगी माझ्या मांडीवर होती. बायको दारातून परत आली, स्वयंपाकघरात गेली आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, जुन्या टॉवेलात गुंडाळून, पिशवीत ठेवून घेऊन गेली.

मला ते योग्यच वाटलं. दुपारी आम्ही दोघं गार दूध प्यायलो.