खंडेनवमीला आलेलं पदक

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आमच्या घरी खंडेनवमीच्या पाटावर दोन लॅपटॉप, गाडीची किल्ली, विळी आणि बर्फ उपसायचं फावडं मांडतात. त्यातल्या त्यात पराक्रम फावड्याचाच. गेल्या वर्षी मुलीने शेजारच्या आजींना बोलावलं. "आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो," एवढंच तिने त्यांना इंग्रजीत सांगितलं.

आजी मूळच्या जर्मनीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या. आल्या त्या स्वेटरच्या खिशातून एक काळा क्रॉस काढून पाटाशी वाकल्या. "घरात शस्त्र नाही. वडिलांचं पदक चालेल?"

क्रॉसच्या मध्यभागी नाझींचं चिन्ह होतं.

"बाबा, दॅट कान्ट गो देअर!" मुलगी पुटपुटली.

आजींना ते ऐकू गेलं. क्रॉस हातात धरून त्या खुर्चीवर बसल्या. वडील जर्मन सैन्यात अधिकारी. फ्रान्समध्ये बढती मिळाली. रशियात हिवाळ्यातल्या माघारीच्या वेळी बाकीचं सैन्य पार होईपर्यंत त्यांच्या तुकडीने एक पूल राखला, त्याचं हे पदक. पुढे पायात गोळी, मग कैद आणि सुटल्यावर बायको-मुलीला घेऊन न्यू जर्सी.

पदकांशी माझं कधी जमलं नाही. पूल कोणी राखला ते त्यांच्यावरून कळतं, पुलाअलीकडच्या गावांचं काय झालं ते कळत नाही.

"त्या हिवाळ्याबद्दल ते कधीच बोलले नाहीत," आजी मला म्हणाल्या. "तू इतिहास वाचतोस. माझे वडील वाईट होते का?"

त्या सैन्याने तिथे काय केलं ते मी वाचलं होतं. त्यात त्यांच्या वडिलांचा हात किती, हे कुठल्या पुस्तकात सापडणार? "मला माहीत नाही," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. धीर देणारं उत्तर मिळालं असतं, तर बहुधा त्यांचा विश्वास बसला नसता.

पूजेची तयारी करणाऱ्या माझ्या आईला मी मराठीत सगळं सांगितलं. "ते नको रे पाटावर," ती म्हणाली. "पण विचार त्यांना, लढाई संपल्यावर काय करायचे वडील?"

"बेकरीत होते. हात चालले तोवर," आजी म्हणाल्या.

"मग लाटणं असेल की घरात!"

होतं. आजी जाऊन घेऊन आल्या. हातभर लांब, मधोमध झिजलेलं.

"अगं बाई, हे तर खरं हत्यार!" आई म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी एवढ्याच्या जोरावर राज्य केलं."

मुलीने भाषांतर केलं. आजी हसल्या आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. आईने लाटण्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. क्रॉसचं काय करायचं, हे कोणीच सुचवलं नाही. आजींनी तो आपणच खिशात टाकला.

आरतीला आम्ही टाळ्या वाजवल्या. आजी लाटण्याकडे बघत उभ्या होत्या, एक हात खिशात ठेवून.