शपथ सुटली म्हण

आमच्या गावात, वालूरपासून चालत तासाभरावर, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी नाटक व्हायचं. दरसाल तेच, गाण्यांचं. विजेचा भरवसा नव्हता म्हणून भर दुपारी, मंडप टाकून. राजा घोंगड्या विकणाऱ्याच्या वेषात आपल्याच दारात येतो आणि राणीसुद्धा त्याला ओळखत नाही, एवढीच गोष्ट. पण आमचं गाव कुठं नुसतं बघणारं! राजा विकायला निघाला की मेंढरंवाले खांद्यावरची घोंगडी काढून थेट त्याच्यापुढं फेकायचे, "आमची बी वीक रे!" कपटी प्रधान आला की त्याच्यावर हरभऱ्याचे ओले, घाट्यांचे ढाळे बसायचे, आणि प्रधान झालेला गडी, मेला, ते गोळा करून घरी न्यायचा. एक म्हातारी तर दरसाल उभी राहून राणीला झापायची, "आगं सटवे, तुझाच नवरा हाय त्यो!" राणी म्हणजे मिशा उतरवलेला आमचा चुलता. तो बिचारा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. हसून हसून आमची पोटं दुखायची.

राजा व्हायचे माझे वडील, आबा. "आपल्याच दारी" एवढं त्यांनी उचललं की "पाव्हणा झालोऽ" गाव म्हणायचं, मंडपाच्या दोऱ्या हलतील इतक्या जोरात. सगळं गाणं तसंच. अर्धी ओळ आबांची, अर्धी गावाची.

मला पालमला दिलं. पहिल्या वर्षी सासरे नाटकाला आले आणि परतताना एसटीत म्हणाले, "तुझे वडील लय गातेत म्हणत होतीस. आमी तर गावच ऐकलं." माझी जीभ कुठं गप्प राहते! मी ते आबांना सांगून बसले. आबा हसले. पण पुढच्या साली विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदात गाड्या थांबल्या, जत्रा झालीच नाही, आणि त्याच्या पुढच्या साली त्यांचा निरोप आला. व्याह्यांना घेऊन ये. एकदा मला एकट्याला ऐकू दे त्यांना.

मी दोन दिवस आधी गेले आणि घरोघर फिरले. "माझ्या गळ्याची शपथ हाय. आबाच्या गाण्यात कुणी तोंड उघडायचं न्हाई." गावाच्या लेकीची शपथ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मोडली तर त्या लेकीलाच बाधते, असं सगळे मानायचे. उतरवायची तर जिनं घातली तिनंच "सुटली" म्हणायचं. म्हातारी कुरकुरली, "राणीला तरी बोलू का?" मी म्हटलं, राणीला बोल, गाण्यात नको.

नाटक रंगलं. घोंगड्या पडल्या, ढाळे पडले. सासरे पुढच्या सतरंजीवर, मी बायकांत, डोक्यावर पदर. आबा दारात आले, छाती भरून त्यांनी उचललं, "आपल्याच दारी..."

गाव गप्प.

आणि आबासुद्धा गप्प. पेटीवाल्यानं सूर पुन्हा दिला. आबांनी पुन्हा उचललं, "आपल्याच दारी..." आणि थांबले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं पुढची अर्धी ओळ त्यांना कधी म्हणावीच लागली नव्हती. त्यांच्या तोंडाला ती ओळखीचीच नव्हती. मंडपातल्या पोरासोरांनासुद्धा ती येत होती, आणि एकही ओठ हलत नव्हता. माझ्या जिवासाठी.

मग माना वळल्या. आधी बायकांच्या, मग गड्यांच्या. म्हातारीनं माझा दंड धरला. "बाई, सुटली म्हण. आगं, म्हण की!"

एक शब्द. सासरे पाठमोरे बसलेले, पालमची आणखी चार माणसं शेजारी. भरल्या मंडपात, सासऱ्यांदेखत सुनेनं आवाज काढायचा? एरवी कात्रीसारखी चालणारी माझी जीभ टाळूला चिकटली. मी पदराचा बोळा तोंडात धरला आणि रडत राहिले. आबांनी तिसऱ्यांदा उचललंच नाही. खांद्यावरची घोंगडी खाली ठेवली, समोर हात जोडले आणि आत गेले.

संध्याकाळी मी दारोदार जाऊन "सुटली, सुटली" म्हणत फिरले. म्हातारी म्हणाली, "आता काय करू सुटून?"

पुढच्या जत्रेला राजा दुसराच होता. आबा लोकांत बसले होते, माझ्या पुढं हातभरावर. राजानं उचललं, आणि सगळं गाव गरजलं, "पाव्हणा झालोऽ!" आबांचे ओठ मिटलेलेच. मी वाकून म्हटलं, "आबा, म्हणा की. शपथ कवाच सुटली."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "मला कुठं घातली होतीस, बाई," म्हणाले.