शनवारची काडी

जुन्या गल्लीत दुकान असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. न खपलेल्या भांड्यांसारखे ते फळीवर पडून राहतात, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की आपणच काढून पुसत बसतो. माझं भांड्यांचं दुकान रोह्याच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत. नव्वदनंतर ती रुंद झाली, इतकी की जुना माणूस आला तर चुकेल. हे किस्से तिच्या शेवटच्या अरुंद दिवसांचे.

*

आमच्या घरांना नंबर होते, पण ते फक्त नगरपालिकेला ठाऊक. आम्ही म्हणायचो मिठाचं घर आणि तेलाचं घर. दोन्ही समोरासमोर.

मिठाच्या घरात सुशीलावहिनी राहायच्या, अगदी माझ्या शेजारी. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी खाडीकडच्या मिठागरांतलं मीठ बैलगाडीने येऊन खालच्या खोलीत भरलं जायचं. धंदा कधीच बंद पडला, पण भिंतींनी तो सोडला नव्हता. पावसाळा जवळ आला की त्यांना घाम सुटायचा आणि गिलावा गळून पडायचा.

एका नव्या गवंड्याने गिलावा केला, तो पडला. परत केला, परत पडला. बिचारा रडकुंडीला आला. वहिनी त्याला चहा देत म्हणाल्या, "तुझी चूक नाय रे. घर मूळचंच खारट हाय."

*

तेलाचं घर शालोमकाकांचं. हे आपले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यानपिढ्या घाण्यावर तेल काढणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवारतेली म्हणत. पुढे घाणा गेला. भाऊबंद इस्राएलला गेले, मुलगेही गेले, काकी वारल्या. काका राहिले आणि त्यांचा शनिवार राहिला.

त्यांच्या धर्मात शनिवारी विस्तव पेटवायचा नाही. दुसऱ्याला 'पेटव' म्हणून सांगायचंही नाही. तेव्हा काका सकाळी नुसती खिडकी उघडत. समोरून वहिनी बघत, पदराला हात पुसत ओटा उतरत, काकांच्या स्वयंपाकघरात जाऊन गॅसला काडी लावत, चहाचं आधण ठेवत आणि परत येत. वहिनींच्या सासूबाईही हेच करायच्या. काकांनी कधी सांगितलं नाही, या दोघींनी कधी विचारलं नाही.

एका शनिवारी वहिनी माहेरी निडीला गेल्या होत्या. काका दिवेलागणीपर्यंत बिनचहाचे बसून राहिले. आमचे गजाभाऊ शिंपी चिडले. "मला एक हाक मारायची ना, काका."

"हाक मारली तर सांगितल्यासारखंच झालं की," काका म्हणाले.

*

मग रस्ता रुंदीकरण आलं. कंपन्यांचे ट्रक गावातून जायला लागले होते आणि गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तरी भांडण व्हायचं. दोन्ही बाजूंचे ओटे आणि पुढच्या खोल्या तोडायचं ठरलं.

टेप घेऊन एक साहेब आले, तरुण होते. घराघरावर तांबड्या रंगाच्या खुणा करत काकांच्या दारापाशी पोचले. दाराच्या चौकटीवर एक छोटी लांबट पेटी ठोकलेली होती. तिच्यात त्यांच्या धर्माचं लिहिलेलं असतं. येताजाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची, अशी रीत. साहेबांना वाटलं बेल आहे. त्यांनी ती दोनदा दाबली आणि म्हणाले, "आजोबा, तुमची बेल बंद आहे."

काका आतून आले. "बंद नाय, साहेब. ज्याच्यासाठी हाय, त्याला जातं ऐकू."

साहेब ओशाळले. त्यांनी खूण पेटीपासून जरा लांब केली. पण चौकट जायची ती जाणारच होती.

*

खूण झाल्यावर काकांच्या मुलाचा फोन माझ्या दुकानात आला. काका नुसते "बरं, बरं" म्हणत होते. फोन ठेवून म्हणाले, "दारच नाय राहणार, तर मी कशाला राहू?" तिकीट निघालं. मला फार वाईट वाटलं. वहिनींना सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. गजाभाऊंनी सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्या निवडतच राहिल्या.

*

ओटे तुटले ते एका शुक्रवारी. आमच्या पुढच्या खोल्याही गेल्या. वहिनींनी ताडपत्री लावली, पण ती बाजूला केली की रस्त्यावरून थेट स्वयंपाकघर दिसे. काकांनी पेटी आधीच काढून रुमालात बांधली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर काकांच्या उरलेल्या खोलीची खिडकी उघडली. वहिनी हात पुसत निघाल्या आणि सवयीने पाय ओट्यावर टाकला. ओटा नव्हता. खाली दगडांत पडल्या, उजवं मनगट मोडलं. आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेत होतो तरी त्या मला म्हणत होत्या, "अवो, आधी त्यांचा गॅस लावा. खिडकी उघडी हाय."

*

त्याच्या पुढचा शनिवार काकांचा इथला शेवटचा. रविवारी सकाळी गाडी येणार होती.

मी दुकान उघडत होतो. वहिनींचा हात प्लास्टरमध्ये. त्यांचा मुलगा रात्रपाळीहून अजून आला नव्हता. ताडपत्री बाजूला होती आणि त्या डाव्या हाताने काडी ओढायचा प्रयत्न करत होत्या. काडी मोडत होती. मी जायला वळलो, तेवढ्यात समोरून काका निघाले. आता मोकळ्या झालेल्या रस्त्याच्या दोन्हीकडे बघत, दगडांवरून सावकाश पाय टाकत ते आत गेले आणि वहिनींच्या हातातली काडेपेटी घेतली.

"भावजी, आज शनवार हाय," वहिनी म्हणाल्या.

"म्हाईत हाय."

पहिली काडी विझली. दुसरीने गॅस पेटला. त्यांनी आधण ठेवलं, चहा गाळला आणि कप वहिनींच्या डाव्या हातात दिला.

"आणि तुमचा?"

काकांनी नकारार्थी मान हलवली आणि आले तसे परत गेले. त्या दिवशी त्यांनी खिडकी उघडलीच नाही.