कोऱ्या खात्याचं गिऱ्हाईक

आमच्या विहिरीला पाणी लागलं नाही, खडा लागला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस तोंड दाखवून निघून गेला, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, करमाडजवळची आमची विहीर आणखी दोन परस खोदायला घेतली. तळाच्या काळ्या खडकात एक पोकळी फुटली. आत पांढऱ्या पापुद्र्यांवर काचेसारखे हिरवे, टोकदार खडे उभे होते. आबा त्यातला एक तुकडा घेऊन वर आले, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "पानी नाय. हे घे, चाव."

आमच्याकडे असे दगड नवे नव्हते. शेंद्र्याला कारखाने उठत होते, शहर जालना रोडनं आमच्या अंगावर येत होतं, त्याच्या खडीसाठी टेकड्या फुटत होत्या. खाणीत निघालेले खडे व्यापारी कवडीमोलानं न्यायचे आणि अजिंठ्याला पर्यटकांना विकायचे. मी तेव्हा शहरात, शहागंजात, एका मोबाइलच्या दुकानात काउंटरला बसायचे. असे खडे गोळा करणारे शौकीन लोक असतात आणि ते ऑनलाइन चांगली किंमत देतात, एवढं मला तिथं बसून कळलं होतं.

त्यात एकदा ठेचही खाल्ली होती. त्याच पोकळीतला एक लहान पांढरा खडा मी आधी विकला. घेणाऱ्याचं खातं आदल्या दिवशी उघडलेलं, आधीची एकही खरेदी नाही. माल तुटका आला म्हणून त्यानं तक्रार केली, पैसे परत घेतले आणि मला भलताच दगड पाठवून दिला. मी तो आमच्या मूळ खडकाच्या खाचेत बसवून पाहिला. बसेना. त्याचे फोटो साइटवाल्यांना पाठवले, तर दर वेळी त्याच तीन ओळींचं उत्तर. मी इतकी संतापले की त्या साइटवरचं माझं खातंच बंद करून टाकलं. मग डोकं थंड झाल्यावर हिरव्या खड्यासाठी नवं उघडलं.

कारण हा खडा विकणं भागच होतं. आमची चाळीस मेंढरं होती आणि कडबा संपत आला होता. येत्या सोमवारी आबा सगळी मेंढरं बाजारात नेणार होते. त्या दिवसांत घेणारे फक्त खाटीक. खडा गेला असता तर पावसापर्यंतचा कडबा आला असता. आबांनी आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. मेंढरं गेल्यावर ते सकाळी उठून कुठं जाणार, हा विचारही मला करवत नव्हता.

जुन्या खात्यांवरचे चार जण निम्म्या किमतीवर अडून बसले. पूर्ण किंमत द्यायला तयार झाला तो एकच, पुण्याचा, आणि त्याचं खातं चार दिवसांचं! फोटो नाही, खरेदी नाही, काही नाही. दुकानाच्या मालकांनी माझ्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. "कल का खाता है बेटी, परसों गायब हो जाएंगा. मत भेज."

पण मी हटणार नव्हते. त्या माणसाला मी प्रश्न विचारून भंडावून सोडलं. काय करता, खातं आत्ताच का उघडलं, खडा ठेवणार कुठं, तुमच्या ओळखीचं आमच्याकडे कोण आहे? चष्म्याचं दुकान आहे, त्यानं लिहिलं, खड्यांचा नाद आहे, आजवर प्रदर्शनातून घेत आलो, तुमच्याकडे मात्र कुणी ओळखीचं नाही. मी विसार मागितला. त्यानं तासाभरात पाठवला. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाजारात अनोळखी गिऱ्हाईक आलं तर आपुन काय करतो? वळख असंल तर जनावर हाती देतो. नसंल तर जनावरासंगं आपुन त्याच्या दारापत्तूर जातो. जा की मंग."

शनिवारी सकाळी मी पुण्याच्या एसटीत बसले. खडा आईनं नुकत्याच कातरलेल्या लोकरीत गुंडाळून डब्यात घातला होता. कंदिलाची काच असो की अंडी असोत, आमच्यात नाजूक वस्तू लोकरीतच जाते. दुसरं काही कुणाच्या मनातही येत नाही. खिडकीतून ऊन येत होतं. सहा तास डबा मांडीवर घेऊन बसले.

दुपारी त्याच्या घरी पोचले. माणूस पन्नाशीचा, सावकाश बोलणारा निघाला. त्यानं लोकर बाजूला केली, डोळ्याला भिंग लावलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, फोटोत हा असा नव्हता." खरंच नव्हता. कच्च्या लोकरीचा चिकटा उन्हानं पाघळून खडाभर बसला होता. हिरवा रंग मेला होता. माझ्या तोंडातून एकदम निघालं, "बदललेला नाही हां! मी स्वतः घेऊन आले आहे."

"मी कुठं म्हणतोय?" तो हसला. "सतरा प्रश्न तुम्ही मला विचारलेत. तुमच्या खात्यावर तरी काय होतं? एकही विक्री नाही. तरी मी विसार पाठवलाच ना?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लाज वाटली आणि स्वतःचा रागही आला.

"धुऊन बघू," तो म्हणाला. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं साबण काढला, मऊ ब्रश काढला आणि नळ सोडला. सोडला तो सोडलाच. एकेक टोक तो जपून घासत होता आणि पाणी मोरीत चाललं होतं. आमच्याकडे टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. दगडावर पाणी घालायचं आमच्या घरात कुणाला सुचलंही नसतं. मी मुकाट्यानं एक पातेलं नळाखाली सरकवलं. भरलं. दुसरं सरकवलं. तेही भरून वाहायला लागलं. नळ बंद करा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तो मध्येच थांबला आणि खडा अर्धवट मळकट राहिला तर? मी दात आवळून उभी राहिले. मेंढरांसाठी ते पाणी मी वाहू दिलं.

खडा स्वच्छ निघाला तेव्हा त्या माणसानं तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मलाही तो त्या दिवशीच पहिल्यांदा नीट दिसला. राहिलेले पैसे त्यानं तिथंच माझ्या खात्यात टाकले.

शिवाजीनगरच्या स्टँडवरून मी आबांना फोन लावला.

"खडा गेला. सोमवारी मेंढरं नेऊ नका."

त्यांनी घसा साफ केला. "फसवलं नाय ना?"

"नाय आबा. लोकरीनं मळला होता तेवढा. धुवावा लागला."

"पानी किती लागलं?"

"तांब्याभर," मी म्हणाले. इतके दिवस दुसऱ्याचं खोटं हुडकत बसलेली मी, त्या सबंध व्यवहारात खोटं बोलले ते एवढंच.