मधले महिने

जानकीताई डॉक्टरांशी उभ्याने कधी बोलल्या नाहीत. तलासरीकडच्या पाड्यावरची बाई डहाणूला आमच्या दवाखान्यात आली, की या आशा कार्यकर्त्या तिच्या खाटेशी खाली बसत आणि मला म्हणत, "डाक्तर, परत सांगा. आता हिच्याकडं बघून." घाईत असलो की मी वैतागायचो. माझ्या वैतागाचं त्यांना काही पडलेलं नसायचं.

२०१६ चा पावसाळा सरता सरता त्यांच्या पाड्यावरच्या सोनीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी बाळ निळं पडू लागलं. हृदयाची डावी बाजू वाढलीच नव्हती. सगळा भार एका कप्प्यावर. मुंबईच्या सर्जनशी बोलून मी कागदावर रकाने आखले. एक वाट म्हणजे आठवड्याच्या आत, हृदय थांबवून मोठं ऑपरेशन. दुसरीत हृदय न थांबवता फुफ्फुसांकडच्या रक्तवाहिन्यांना पट्ट्या बांधून वेळ मिळवायचा आणि मोठं ऑपरेशन चार-पाच महिन्यांनी करायचं. दोन्हींत शेवटचं ऑपरेशन तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि एवढं करूनही हृदय अर्धंच राहणार. तिसरी वाट घरी नेण्याची. बाळाला त्रास होऊ नये एवढंच बघायचं. माझा कल दुसऱ्या वाटेकडे होता आणि तो मी लपवला नाही.

जानकीताईंनी सगळं ऐकून घेतलं. "पट्ट्या आणि मोठ्या ऑपरेशनच्या मधी पोर कुठं राहील?"

"घरी. रोज वजन करायचं, ऑक्सिजन बघायचा. जरा कमी वाटलं की तासाभरात मोठं हॉस्पिटल."

"दिवाळीनंतर ही माणसं वीटभट्टीवर जातात."

"या वर्षी जाऊ नका म्हणावं."

"म्हणते. वजन पण मी रोज करीन. पण पाड्यावरून चारोटीच्या हायवेला पोचायलाच तास जातो. हे पण सांगा तिला."

मी सांगितलं. सोनीने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग तिने विचारलं, "वाचायची खात्री कशात हाय?"

कशातच नव्हती.

"मंग घरी नेते," ती म्हणाली. तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून रडला.

बाहेर येऊन मी जानकीताईंवर भडकलो. "तुम्ही घाबरवलंत तिला!"

"घाबरवलं असंल," त्या म्हणाल्या. "खोटं नाय सांगितलं."

आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मुलगी घरी नऊ दिवस जगली. आईने तिला अंगावरून खाली ठेवलंच नाही, असं जानकीताईंनी सांगितलं. त्या रोज जात होत्या. आणि त्या वर्षी सोनी वीटभट्टीवर गेलीच नाही. तिच्या अंगात बळच उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत जानकीताई मला तिच्या घरी घेऊन गेल्या. सोनीने कोरा चहा दिला. मग म्हणाली, "ते मोठं ऑपरेशन कितव्या महिन्यात व्हतं?"

"चौथ्या-पाचव्या."

तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे आता."

जानकीताईंनी तिचा हात हातात घेतला. परतताना बांधावर थांबून त्यांनी मला विचारलं, "आपण चुकलो काय, डाक्तर?"

"ती आता मोजतच राहणार," त्या म्हणाल्या. "मी येत जाईन."

२०१९ मध्ये माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा जानकीताई चपला घालून दारातच उभ्या होत्या. सोनीकडे निघाल्या होत्या. तिच्या मोजणीत शेवटच्या ऑपरेशनचं वर्ष आलं होतं.