आत्याचा तवा आणि मोगलाईतलं घर

आमच्या आत्याला परदेशात घर घ्यायचं होतं. परदेश म्हणजे येवल्यापासून बैलगाडीने दोन तास. तिथे इंग्रजांची हद्द संपायची आणि संस्थानी मुलूख, म्हणजे मोगलाई, लागायची. नाणं वेगळं, स्टॅम्प वेगळा, कचेरीची भाषा उर्दू. बाजरी तेवढी दोन्हीकडे सारखीच.

त्या मुलखातल्या एका खेड्यात आत्या लग्न होऊन गेली आणि वीस वर्षं नांदली. नवरा वारला, दिराने घर विकून टाकलं, आणि ती नाशिकला आमच्याकडे आली. आमच्या घरात तिला कुणी टाकून बोललं नाही. पण जेवताना वाढायला उभी राहिली, तरी "अजून एक घे" असं ती कधी कुणाला म्हणायची नाही. आग्रह करायचा तो घरच्या बाईने, म्हणजे माझ्या आईने. आत्या भाकरी ताटात ठेवायची आणि पुढच्या ताटाकडे वळायची. मला हे फार उशिरा दिसलं आणि त्याची अजून लाज वाटते.

एके दिवशी निरोप आला की तेच घर पुन्हा विकायला निघालंय. आत्याने पाटल्या मोडल्या, बाजारातून एक नवा लोखंडी तवा आणला आणि मला म्हणाली, "चल. मला माझी चूल हवी." मी तेव्हा एका वकिलांकडे कारकून होतो. वकिलीच्या परीक्षेत फक्त एकदाच नापास झालो होतो, त्यामुळे सगळा कायदा आपल्या खिशात आहे अशी माझी समजूत होती.

मनमाडला गाडी बदलून येवला, तिथून बैलगाडी. हद्दीच्या नाक्यावर तवा अडला. शिपाई म्हणाला, "वापरलेला असता तर सामान. नवा आहे, म्हणजे माल. जकात भरा."

मी आत्याला म्हटलं, "पुढच्या वेळी याच्यावर घरून एक भाकरी टाकून आण, म्हणजे कटकट मिटेल."

"दुसऱ्याच्या चुलीवर नाही टाकायची मी. याच्यावरची पहिली भाकरी माझ्या घरात."

त्या खेपेला घर मिळालं नाही. तवा नाशिकला परत आला, पुढच्या खेपेला पुन्हा आमच्याबरोबर निघाला आणि पुन्हा जकात भरून आत गेला. इतका प्रवास केलेला तवा पंचक्रोशीत दुसरा नसेल.

कचेरीत कळलं की बाहेरच्या मुलखातल्या माणसाला घर घ्यायला आधी परवानगी लागते. अर्ज केला. अर्जाचं उर्दू करणाऱ्याची फी दिली, मग ते उर्दू बरोबर आहे अशी सही करणाऱ्याची फी दिली. आमचे कलदार रुपये मोडून तिथलं नाणं देणाऱ्याने आपला बट्टा कापून घेतला. एवढं झाल्यावर कारकून म्हणाला, "परवानगीसाठी इथल्या रहिवासाचा दाखला आणा." दाखला देणारा म्हणाला, "दाखल्यासाठी घराचा कागद आणा."

मी टेबलावर हात आपटला. "घर असतं तर घर घ्यायला कशाला आलो असतो?"

"बरोबर आहे," तो थंडपणे म्हणाला. "हेच लिहून द्या. त्याला वेगळा स्टॅम्प लागेल."

लिहून दिलं. करता काय?

तिथल्या वकिलाने आणखी एक गोष्ट सांगितली. घर विकलं जातं तेव्हा शेजाऱ्याचा हक्क आधी. मात्र विक्रीची बातमी कानावर पडताच, त्याच क्षणी, त्याने चार माणसांत "मी घेतो" असं म्हटलं पाहिजे. तोंडातला घास गिळेपर्यंत थांबला तरी हक्क गेला. "तेव्हा शेजाऱ्याला साक्षीदारांसमोर सांगून टाका," वकील म्हणाला. "गप्प बसला की तुमची वाट मोकळी."

शेजारी म्हणजे एक म्हातारे पिंजारी चाचा, आत्याला वीस वर्षं ओळखणारे. मी दोन साक्षीदार घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो आणि "हे शेजारचं घर" एवढं म्हणतोय तोच चाचांनी कापूस पिंजायची धनुकली उचलली. पुढे अर्धा तास तिचा टणत्कार आणि कापसाचा धुरळा. साक्षीदार शिंकत निघून गेले. दुसऱ्या खेपेला आम्हाला लांबून पाहिलं आणि चाचांनी दोन्ही कानांत कापूस कोंबला. त्यांच्याकडे कापसाला काय तोटा! वर हात जोडून म्हणतात, "बसा वैनी. मला मातर काय ऐकू येत नाय."

म्हाताऱ्याचा डोळा घरावर आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. परतताना गाडीत मी त्यांना वाट्टेल ते बोललो. आत्या तवा मांडीवर घेऊन बाहेर बघत होती.

सहा महिन्यांनी परवानगी आली. चार शिक्के होते तिच्यावर. आम्ही धावत गेलो, तव्याची जकात भरली आणि गावात पोचलो. कळलं की मालक वाट बघून कंटाळला होता आणि त्याने आठ दिवसांपूर्वीच तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला घर विकलं होतं. आत्या त्या दारातच खाली बसली. माझ्या हातातला कागद मला कुठे लपवू असं झालं.

तेवढ्यात चाचा आले. उजव्या कानाच्या पाळीवर ताजा व्रण होता. विक्रीची बातमी आली तेव्हा ते न्हाव्यापुढे बसले होते, अर्धी दाढी झालेली. तसेच ताडकन उठून, साबणाच्या तोंडाने, "मी घेतो!" म्हणून तीनदा ओरडले. न्हाव्याचा वस्तरा कानाला लागला. न्हावी आणि तीन गिऱ्हाइकं साक्षीला. व्यापाऱ्याला मागे हटावं लागलं. चाचा त्याच मुलखातले, त्यांना परवानगी कसली?

त्यांनी किल्ली आत्याच्या पदरात टाकली. "आदी ऐकून गप बसलो असतो तं माझा हक गेला असता वैनी. उसनवारी करून पैसं भरलं. सवडीनं द्या."

आत्याने कमरेची पुरचुंडी तिथेच सोडली आणि सगळी किंमत त्यांच्या हातात ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माझ्यातला कारकून गप्प बसेना. "चाचा, घर कागदोपत्री तुमच्या नावावर राहणार. आत्याला दोन ओळी लिहून द्या."

चाचांनी सावकाश कानात कापूस घातला.

ते घर शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर राहिलं आणि आत्या शेवटपर्यंत त्यात राहिली. त्या दिवशी तिने चूल पेटवली ती चार शिक्क्यांच्या परवानगीने. कागद जाड होता, छान पेटला. तवा ठेवला, भाकऱ्या थापल्या. मी तीन खाल्ल्या आणि हात आखडता घेतला.

"अजून एक घे," आत्या म्हणाली.

मी वर पाहिलं. भाकरी हातात धरून ती थांबली होती. माझं पोट गच्च भरलं होतं. मी ताट पुढे केलं.